जठरातली चरबीची गाठ: कॅन्सर नसूनही रक्तस्राव का होतो?

हातावर, पाठीवर किंवा मानेजवळ कातडीखाली मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ अनेकांना असते. डॉक्टर ती दाबून पाहतात, 'चरबीची गाठ आहे, काळजी करू नका' असं सांगतात आणि विषय तिथेच संपतो. वैद्यकीय भाषेत या गाठीला लायपोमा म्हणतात.

अशीच गाठ क्वचित जठराच्या भिंतीतही तयार होते. तिथेही ती कॅन्सरची नसते. पण जठरात आम्ल असतं, सतत घुसळण चालू असते आणि अस्तर नाजूक असतं. त्यामुळे मोठी झालेली गाठ कधीकधी रक्तस्रावाचं कारण ठरते. कुणाला रक्ताची उलटी होते, कुणाला शौचाला डांबरासारखं काळं होतं, तर कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नाही.

थोडक्यात महत्त्वाचं

- जठरातला लायपोमा दुर्मिळ आहे आणि तो कॅन्सर नाही.
- लहान गाठी बहुधा काहीच त्रास देत नाहीत. मोठ्या गाठीवरच्या अस्तराला व्रण पडला की रक्तस्राव होतो.
- दुर्बिणीच्या तपासणीत घेतलेला तुकडा 'नॉर्मल' आला तरी आत गाठ असू शकते. सीटी स्कॅनमध्ये चरबी स्पष्ट ओळखता येते.
- त्रास देणारी गाठ काढता येते. त्यासाठी संपूर्ण जठर काढण्याची गरज सहसा पडत नाही.

लायपोमा म्हणजे नेमकं काय?

पूर्ण वाढ झालेल्या, नेहमीच्याच चरबीच्या पेशी एका जागी जमून ही गाठ बनते. तिच्याभोवती बहुतेक वेळा पातळ आवरण असतं. ती वर्षानुवर्षं सावकाश वाढते, आजूबाजूच्या अवयवांत घुसत नाही आणि रक्तावाटे दुसरीकडे पसरत नाही. म्हणून तिला साधी किंवा सौम्य गाठ म्हणतात.

पचनमार्गात असे लायपोमा सर्वाधिक मोठ्या आतड्यात आणि त्याखालोखाल लहान आतड्यात आढळतात. जठराचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास आहे. जठरात होणाऱ्या सगळ्या प्रकारच्या गाठींचा हिशोब केला, तर लायपोमाचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी भरतं. बहुतेक रुग्ण पन्नाशी-साठीच्या वयातले असतात आणि सहसा एकच गाठ असते.

ही गाठ का तयार होते, याचं नेमकं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही.

जठरात ही गाठ कुठे असते?

जठराची भिंत गोधडीसारखी थरांची असते. आतून बाहेर जाताना हे थर असे येतात:

१. आतलं अस्तर: अन्नाचा आणि आम्लाचा थेट संबंध याच थराशी येतो.
२. अस्तराखालचा सैल थर: यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं.
३. स्नायूंचा थर: हा अन्न घुसळतो आणि पुढे ढकलतो.
४. बाहेरचं पातळ आवरण.

जठरातल्या १० पैकी ९ किंवा त्याहून जास्त लायपोमा दुसऱ्या थरात तयार होतात. बाहेरच्या बाजूला स्नायूंची मजबूत भिंत असल्यामुळे गाठ वाढते ती आतल्या पोकळीच्या दिशेने. अस्तर तिच्यावर ताणून बसतं, जणू पलंगपोसाखाली कुणी चेंडू ठेवला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, सुमारे तीन चतुर्थांश गाठी जठराच्या खालच्या टोकाशी, म्हणजे अन्न लहान आतड्यात उतरतं त्या दाराजवळ असतात. रक्तस्रावाचं कोडं समजून घेताना ही जागा महत्त्वाची ठरते.

मऊ गाठीतून रक्त येतंच कसं?

चरबीच्या गाठीत मोठ्या रक्तवाहिन्या फारशा नसतात. रक्त येतं ते गाठीवर ताणल्या गेलेल्या अस्तरातून आणि त्याखालच्या रक्तवाहिन्यांतून. हे टप्प्याटप्प्याने घडतं.

आधी ताण वाढतो. गाठ मोठी होत जाते तसं तिच्या टोकावरचं अस्तर पातळ होतं. आतून दाब पडल्यामुळे त्या भागाला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. पुरेसं रक्त न मिळालेलं अस्तर कमकुवत होतं आणि त्याची झीज भरून निघत नाही.

मग घर्षण आपलं काम करतं. जठराच्या खालच्या भागात मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचनाची लाट येते. घन अन्न बारीक करण्याचं काम मुख्यतः इथेच होतं. पोकळीत आलेली गाठ या रहाटगाडग्यात सापडते आणि तिचं टोक पुन्हा पुन्हा घासलं जातं.

शेवटी आम्ल आणि पाचक रस त्या कमकुवत जागेवर हल्ला करतात. अस्तराला खड्डा पडतो, म्हणजेच व्रण किंवा अल्सर तयार होतो. व्रणाच्या तळाशी असलेली एखादी रक्तवाहिनी उघडी पडली की रक्तस्राव सुरू होतो.

यात आकाराचा मोठा वाटा आहे. २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ बहुधा आयुष्यभर गप्प राहते आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत योगायोगाने दिसते. गाठ ३-४ सेंटिमीटरच्या पुढे गेली की त्रासाची शक्यता वाढते.

लक्षणं कोणती?

रक्तस्रावाची दोन रूपं दिसतात. एक अचानक आणि उघड, दुसरं हळू आणि गुपचूप.

अचानक होणाऱ्या रक्तस्रावात लाल रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारख्या तपकिरी-काळ्या रंगाची उलटी होते. आम्लाशी संबंध आल्यामुळे रक्ताचा रंग असा बदलतो. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होणं ही दुसरी खूण. जठरातलं रक्त आतड्यांतून पुढे जाताना पचत जातं, म्हणून खाली येईपर्यंत ते काळं पडलेलं असतं. फार वेगाने आणि भरपूर रक्त जात असेल, तर मात्र शौचावाटेही लाल रक्त येऊ शकतं. सोबत चक्कर, छातीत धडधड, थंड घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं दिसतात.

गुपचूप होणारा रक्तस्राव जास्त फसवा. मल काळा दिसायला साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त जठरात यावं लागतं. रोज दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर रक्त गेलं, तर डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही.

पण हिशोब करून पाहा. १ मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे १० मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर गेलं. जेवणातून निरोगी शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषून घेतं. मिळकत दोनची आणि खर्च पाचचा, असं काही महिने चाललं की शरीरातला लोहाचा साठा संपतो आणि हिमोग्लोबिन खाली येतं.

अशा माणसाला पोटात दुखतच असं नाही. जिना चढताना दम लागतो, अंगात त्राण राहत नाही, चेहरा पांढुरका दिसतो. घरचे म्हणतात, 'वय झालं', 'दगदग होते', 'नीट खात नाही'. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आकडा थोडा वर येतो आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा खाली जातो. बायकांच्या बाबतीत पाळीचं कारण पुढे करून तपासणी राहून जाते.

रक्तस्रावाशिवाय आणखी काही तक्रारी असू शकतात. पोटाच्या वरच्या भागात दुखणं, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, जेवणानंतर उलटी होणं ही त्यातली काही. दाराजवळची मोठी गाठ कधीकधी लहान आतड्याच्या तोंडात सरकते आणि बाटलीच्या बुचासारखी अडकते. ती परत मागे सरकली की त्रास थांबतो. म्हणून ही लक्षणं येऊन-जाऊन असतात.

रक्ताची उलटी झाली म्हणजे लायपोमाच?

नाही. जठरातून रक्तस्राव होण्याची इतर कारणं कितीतरी जास्त प्रमाणात आढळतात. जठरातला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर हे त्यातलं प्रमुख कारण. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे असे अल्सर होतात. यकृताच्या आजारात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात, जोराच्या उलट्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी चीर पडते आणि काहींना जठराचा कॅन्सरही असतो.

लक्षणांवरून यांतलं कुठलं कारण आहे हे ओळखता येत नाही. लायपोमाचा रक्तस्राव आणि कॅन्सरचा रक्तस्राव बाहेरून अगदी सारखेच दिसतात. म्हणून अंदाज न बांधता तपासणी करणं गरजेचं असतं.

निदान कसं होतं?

सुरुवात दुर्बिणीच्या तपासणीने, म्हणजे एंडोस्कोपीने होते. तोंडावाटे कॅमेरा असलेली लवचीक नळी जठरात सोडली जाते. लायपोमा असेल तर गुळगुळीत, गोलसर, पिवळट झाक असलेला उंचवटा दिसतो. कधी त्याच्या टोकावर व्रण असतो.

डॉक्टर त्या वेळी काही सोप्या खुणा पाहतात. चिमट्याने दाबल्यावर गाठ उशीसारखी आत दबते आणि सोडल्यावर पुन्हा वर येते. वरचं अस्तर चिमट्यात धरून उचललं तर ते तंबूसारखं वर उचललं जातं, कारण ते गाठीला घट्ट चिकटलेलं नसतं. एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा तुकडे घेतले तर आतली पिवळी चरबी बाहेर डोकावते.

बायोप्सी 'नॉर्मल' कशी येते?

रुग्णाला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच आहे. दुर्बिणीत गाठ दिसते, तुकडा तपासणीला जातो आणि अहवालात लिहिलेलं असतं, 'अस्तराला किंचित सूज, बाकी काही नाही'.

कारण सोपं आहे. बायोप्सीचा चिमटा वरवरचा, काही मिलिमीटरचा तुकडा घेतो. तो तुकडा पहिल्या थराचा असतो आणि गाठ दुसऱ्या थरात असते. पलंगपोसाचा तुकडा तपासून खालचा चेंडू कशाचा आहे हे कळत नाही, तसंच हे. त्यामुळे अहवाल चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. गाठ दिसूनही बायोप्सी नॉर्मल आली, तर पुढची तपासणी टाळू नये.

ही पुढची तपासणी दोन प्रकारे होते.

एक म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी. यात जठराच्या भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात आणि गाठ कोणत्या थरातून निघाली आहे ते कळतं. लायपोमा अस्तराखालच्या थरात, एकसारखा पांढरा, चमकदार दिसतो. स्नायूंच्या थरातून निघणाऱ्या काही गाठी, ज्यांतल्या काही पुढे घातक ठरू शकतात, त्या बहुतेक वेळा काळपट दिसतात.

दुसरी तपासणी म्हणजे सीटी स्कॅन. प्रत्येक ऊतक क्ष-किरण किती अडवतं याचा आकडा सीटी स्कॅन देतो. सीटी तंत्र विकसित करणारे ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या नावाने हा आकडा मोजला जातो. या शोधासाठी त्यांना १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला. या मोजपट्टीवर पाण्याचा आकडा शून्य असतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तिचा आकडा शून्याच्या खाली जातो. लायपोमासाठी तो साधारण उणे ७० ते उणे १२० असतो. जठराच्या भिंतीत एकसारखी, नीट सीमा असलेली आणि असा आकडा दाखवणारी गाठ दिसली, तर ती लायपोमा असल्याचं बऱ्याच खात्रीने सांगता येतं.

याचा कॅन्सर होतो का?

जठरातल्या साध्या लायपोमाचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही, असंच आजवरचा वैद्यकीय अनुभव सांगतो. चरबीच्या पेशींचा कॅन्सर असतो, पण जठरात तो अत्यंत दुर्मिळ आहे आणि तो साध्या लायपोमापासून तयार होत नाही.

असं असूनही निदानाला महत्त्व आहे, कारण चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. व्रण पडलेला मोठा लायपोमा दुर्बिणीत कॅन्सरसारखा दिसू शकतो. निव्वळ संशयावरून जठराचा मोठा भाग काढला गेला, तर रुग्णाला जन्मभर खाण्यापिण्याची पथ्यं सांभाळावी लागतात. उलट, प्रत्येक गाठ 'चरबीचीच असेल' म्हणून सोडून दिली, तर खरोखर घातक असलेली गाठ हातून सुटू शकते.

उपचार काय?

रक्तस्राव चालू असेल तर पहिलं काम रुग्णाला स्थिर करण्याचं. सलाईन लावली जाते, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासलं जातं, आम्ल कमी करणारं औषध शिरेतून देतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर सहसा रक्त चढवतात. हृदयविकार असलेल्या रुग्णाला थोडं आधीच चढवलं जातं. साधारण २४ तासांच्या आत दुर्बिणीची तपासणी करतात. त्याच वेळी इंजेक्शन देऊन, क्लिप लावून किंवा उष्णता देऊन रक्तवाहिनी बंद करता येते.

हा तात्पुरता बंदोबस्त झाला. गाठ जागेवर असेपर्यंत अस्तरावरचा ताण कायम राहतो आणि पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे रक्तस्राव करणारी गाठ काढणं हाच खरा उपाय.

- दुर्बिणीतून: गाठ लहान किंवा देठ असलेली असेल, तर तारेचा फास टाकून काढतात. अस्तराखालून गाठ सोडवून काढण्याचं तंत्रही वापरलं जातं. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. चरबीतून वीज नीट वाहत नाही, म्हणून मोठी गाठ विजेच्या तारेने कापताना जठराला छिद्र पडण्याचा धोका असतो. त्यासाठी अनुभवी हात लागतो.
- लॅप्रोस्कोपी: गाठ मोठी असेल तर पोटावर लहान छिद्रं पाडून गाठ आणि तिच्याभोवतीचा जठराचा छोटा भाग काढतात. बाकीचं जठर शाबूत राहतं.
- पोट उघडून शस्त्रक्रिया: गाठ फार मोठी असेल, अवघड जागी असेल किंवा कॅन्सरचा संशय फिटत नसेल तेव्हा.

काढलेली गाठ तपासणीला पाठवली जाते आणि तिथे निदानावर शेवटचा शिक्का बसतो. पूर्ण काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा होणं सहसा आढळत नाही. नंतर काही महिने लोहाच्या गोळ्या घेऊन रिकामा झालेला साठा भरून काढावा लागतो.

आणि गाठ लहान असेल, निदान पक्कं असेल आणि काहीच त्रास नसेल तर? मग ती काढण्याची गरज नसते.

गैरसमज आणि वस्तुस्थिती

*तूप-तेल जास्त खाल्ल्याने पोटात चरबीची गाठ होते.*
असा पुरावा नाही. सडपातळ माणसालाही लायपोमा होतो.

*वजन कमी केलं की गाठ विरघळते.*
नाही. वजन उतरलं तरी लायपोमा तसाच राहतो. तो विरघळवणारी खात्रीची गोळी किंवा काढा नाही.

*अंगावर चरबीच्या गाठी आहेत, म्हणजे जठरातही असणार.*
कातडीखालच्या गाठी अगदी सर्रास आढळतात, जठरातल्या फार दुर्मिळ. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

*तुकडा काढला की गाठ कॅन्सरची होते.*
बायोप्सीमुळे साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही.

*शौचाला काळं झालं म्हणजे रक्तच.*
नेहमी नाही. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथ असलेल्या औषधांनीही मल काळा होतो. पण तो डांबरासारखा चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचा असेल, तर रक्तस्राव गृहीत धरूनच डॉक्टरांकडे जावं.

दवाखाना कधी गाठायचा?

लगेच, आणि रात्र असली तरी:

- रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली
- शौचाला डांबरासारखं काळं झालं
- सोबत चक्कर, धडधड, घाम किंवा शुद्ध हरपणं असेल

अशा वेळी रुग्णाला आडवं झोपवावं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. काही खायला-प्यायला देऊ नये, कारण दुर्बिणीच्या तपासणीसाठी पोट रिकामं हवं. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. रुग्ण घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. रक्त पातळ करणाऱ्या आणि वेदनाशामक गोळ्यांची माहिती डॉक्टरांना आधी द्यावी. हृदयविकारासाठी सुरू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

घाई नाही, पण टाळूही नये अशी परिस्थिती म्हणजे कारण न सापडलेला रक्तक्षय. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांमध्ये हिमोग्लोबिन १३ पेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता आढळली, तर 'हे लोह जातंय कुठे?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा. उत्तरासाठी बहुतेक वेळा जठराची आणि मोठ्या आतड्याची, अशा दोन्ही दुर्बिणीच्या तपासण्या कराव्या लागतात. त्यात लायपोमा निघण्याची शक्यता थोडीच. पण जे काही निघेल, ते वेळेत कळलेलं बरं.

*ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. तपासणी आणि उपचारांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*